काजी, मास्तर आणि कीर्तनकार : केहिमकरांचा इतिहास वाचताना

जालन्यात बसून कोकणातल्या यहुदी शिक्षकांवर बोलायचं कशाला, असं सकाळीच एकांनी आम्हाला विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याजवळचं बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ज्या जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या मिशनशाळेत शिकले, त्याच विल्सननी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. म्हणजे धागा आहे. आणि खेड्याला शिकवायला बाहेरून माणूस येतो तेव्हा काय होतं, हा प्रश्न तर आपलाही आहेच.

आज समोर घेतलंय ते हाईम सॅम्युएल केहिमकरांचं पुस्तक, बेने इस्राएलांचा इतिहास. इंग्रजीत १८९७ च्या सुमारास लिहिलेलं, आणि लेखक गेल्यानंतर १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापलेलं. मोलाचं पुस्तक आहे, यात वाद नाही. आमची तक्रार आहे ती त्यातल्या शिक्षकाच्या गोष्टीबद्दल.

गोष्ट अशी. कुलाब्याच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ हरवलेले, हिब्रू विसरलेली, ‘शेमा’ तेवढा पाठ. तिथे डेव्हिड राहबी नावाचा परदेशी विद्वान येतो. हे खरंच यहुदी का, हे पाहण्यासाठी तो बायकांना मासे रांधायला देतो. बायका पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढतात. राहबीची खात्री पटते. मग तो झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडतो, त्यांना शिकवतो आणि गावोगाव धर्मकार्यं करायला पाठवतो. तेच काजी. पुढे हे पद घराण्यात चालत राहिलं.

राहबीचा काळ कोणता, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. केहिमकर त्याला पार मागे नेतात, इतर काही अभ्यासक अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्याकडे बोट दाखवतात. आम्हाला त्या वादापेक्षा मासेच महत्त्वाचे वाटतात. परीक्षा कोणी दिली? बायकांनी. पास कोण झालं? बायका. आणि प्रशिक्षणाला निवडले कोण, तर तीन पुरुष! ज्ञान ज्यांच्या हातात टिकलं होतं त्यांना शिक्षक मानावं, हे गोष्टीतल्या राहबीला सुचलं नाही. ते एक वेळ सोडा. पण स्वतः मुंबईत १८७५ मध्ये इस्राएली शाळा काढणाऱ्या केहिमकरांनाही इथे थांबावंसं वाटत नाही, हे मात्र खटकतं.

पुढचा सगळा इतिहास याच चालीने जातो. आधी अज्ञान, मग बाहेरचा गुरू, मग जागृती. कोचीनचे शिक्षक आले, मिशनरी आले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, लोकांनी हिब्रू तेवढं घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. म्हणजे विद्यार्थीही निवड करत होते की! पण ‘जागृती’ हा शब्द एकदा वापरला की त्यांची निवड दिसेनाशी होते. आणि गावोगाव पायपीट करणारा काजी ‘जुना माणूस’ ठरून मागे पडतो.

याउलट जे मराठीत आलं ते पाहा. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (आडनाव पुन्हा तेच) हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. मग १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बायबलातल्या कथांवर कीर्तनं सुरू केली. आपल्याकडचंच कीर्तन ते, आख्यान मात्र योसेफाचं किंवा अब्राहामाचं. सुरुवात मुंबईतच झाली, हे कबूल करायला हवं. पण ऐकणाऱ्याला अक्षरओळख लागत नाही, हिब्रू लागत नाही. कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा हे खेड्याला जास्त मानवणारं होतं, असं आमचं मत आहे. विसाव्या शतकात बायकाही ही कीर्तनं करू लागल्या. माशांच्या परीक्षेनंतर त्या शिक्षक म्हणून पुन्हा दिसतात त्या इथे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग उभं आहे, पण सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. ते जमवणं हीच आता अडचण. खेड्यात शिक्षक पाठवा, असं म्हणणाऱ्यांनी उरलेल्या घरांतल्या आजीबाईंना काय येतं ते आधी विचारावं, एवढीच आमची सूचना आहे. पुरणपोळीसारखा सणाचा पदार्थ कोणी शिकवला, असं आपण घरात विचारतो तसंच.

पुढच्या वेळी बेथेलकडे वळू. तिथल्या शाळेत शिकवायला कोण होतं, हे पाहायचं आहे. आता प्रश्न घेऊ या.