राणीघरांचा अर्थ आणि वसाहत फुटण्याचे नियंत्रण : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

राणीघरे दिसली की मोडून टाकावीत, म्हणजे वसाहत फुटत नाही, असा सल्ला मधमाशीपालकांना सर्रास दिला जातो. या सल्ल्यात निरीक्षण आहे, पण अर्थनिर्णय नाही. राणीघर हे कारण नसून लक्षण आहे, आणि एकाच लक्षणामागे तीन वेगळ्या अवस्था संभवतात, याकडे त्यात दुर्लक्ष होते.

पोळ्याच्या खालच्या व बाजूच्या कडेला, निरनिराळ्या वयाची अनेक राणीघरे लोंबत असतील आणि पेटी माश्यांनी भरून गेली असेल, तर वसाहत फुटण्याच्या तयारीत आहे. पोळ्याच्या मध्यभागी एक-दोनच राणीघरे असतील, तर माश्या थकलेली राणी बदलू पाहत आहेत. कामकरी माश्यांच्या घरांनाच वाढवून केलेली, पोळ्याच्या पृष्ठभागावरची राणीघरे राणी अकस्मात नाहीशी झाल्याची खूण होत. कोवळ्या कामकरी अळीपासून राणी घडवता येते, हे शिराख या जर्मन अभ्यासकाने अठराव्या शतकातच दाखविले होते. स्थानावरून केलेला निर्णय अर्थात अंतिम नसतो. अंडी आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही.

सरसकट मोडणीचा धोका येथेच आहे. अंडे घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघर बंद होते, सोळाव्या दिवसाच्या सुमारास राणी बाहेर पडते. आणि जुनी राणी थवा घेऊन जाते ती बहुधा पहिली राणीघरे बंद होण्याच्या वेळी. पेटी उशिरा उघडणारा पालक थवा निघून गेल्यानंतर राणीघरे मोडतो. मागे उरलेल्या अळ्यांचे वय उलटलेले असेल, तर नवी राणी घडत नाही. सातेरी माश्यांत राणीअभावी कामकरी माश्या लवकर अंडी घालू लागतात. त्यातून केवळ नर निपजतात आणि वसाहत संपते. वसाहत वाचविण्याच्या उपायानेच ती मारली जाते.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरतो. धानानंतरच्या बांध्यांतील उतेऱ्याची लाखोळी व जवस, पुढे पळस आणि मोह, असा येथील फुलोऱ्याचा क्रम आहे. त्यानंतर कडक उन्हाळा. सातेरी माश्या अन्न, पाणी व सावली तुटल्यावर अख्खी वसाहत घेऊन स्थलांतर करतात. ‘माश्या उडाल्या’ या एकाच बोलीत हे स्थलांतर आणि वसाहतीची फूट दोन्ही मावतात. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. फूट भरभराटीतून येते, तेथे जागा वाढवावी लागते; पलायन टंचाईतून येते, तेथे पाक, पाणी व सावली द्यावी लागते. रिकाम्या पेटीत बंद पिलावा व राणीघरे मागे राहिली आहेत की पोळी कोरडी आहेत, एवढे पाहिले तरी बहुधा उलगडा होतो.

अमेरिकेत जॉर्ज डेमरी यांनी प्रचारात आणलेली, राणीला पिलाव्यापासून जाळीने वेगळे ठेवण्याची पद्धत युरोपीय माशीच्या मोठ्या, मजली पेट्यांना साजेशी आहे. सातेरीच्या लहान वसाहतीसाठी कृत्रिम विभाजन अधिक सयुक्तिक : जुनी राणी दोन-तीन पोळ्यांसह दुसऱ्या पेटीत हलवावी आणि मूळ पेटीत एक-दोन सुदृढ राणीघरे राखावीत. यात मधाचे उत्पन्न काहीसे घटते, हा आक्षेप खरा आहे. पण वसाहती एकाच्या दोन होतात. एखादा थवा निसटून नवेगाव-नागझिऱ्याच्या एखाद्या ढोलीत स्थिरावला, तर तो पालकाचा तोटा असतो, जंगलाचा नव्हे.