'परत ये' म्हणजे नेमके कुठे?

वर्गप्रमुखाला आपण सांगतो, "गुणपत्रक वरून वाचत जा. ३५ पेक्षा कमी गुण दिसले की ते नाव घेऊन परत ये." पहिले नाव सापडताच तो वाचन सोडून येतो. 'परत ये'चा अर्थ त्याला समजावावा लागत नाही. संगणकाला मात्र तो ठरवून द्यावा लागतो.

हेच काम जावास्क्रिप्टमध्ये 'फॉरईच' वापरून लिहिले, तर प्रत्येक नावाचे काय करायचे ते एका निनावी प्रोसिजरमध्ये लिहावे लागते. तिच्यातला 'रिटर्न' फक्त तिच्यातूनच बाहेर पडतो. त्यामुळे सूचना त्या एका नावापुरती संपते आणि यादी शेवटपर्यंत वाचली जाते. युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रूबी (१९९५) या भाषेत तिथे ब्लॉक येतो. ब्लॉक हा भोवतालच्या प्रोसिजरचाच तुकडा असल्याने त्यातला 'रिटर्न' त्या सबंध प्रोसिजरमधून बाहेर काढतो, अगदी वर्गप्रमुखासारखा. स्मॉलटॉक-८० मध्येही असेच होते.

इथवर रूबीची बाजू आम्हाला पटते. पण रूबीत ब्लॉक 'प्रॉक' म्हणून साठवताही येतो. ज्या प्रोसिजरमध्ये तो लिहिला ती संपल्यावर तो चालवला, तर 'रिटर्न'ला परतायला जागाच उरत नाही आणि कार्यक्रम चुकीचा संदेश देऊन थांबतो. शाळा सुटल्यावर 'वर्गात परत ये' म्हणण्यासारखेच हे! शिवाय 'लॅम्डा' हा प्रॉकचाच दुसरा प्रकार. त्यातला 'रिटर्न' मात्र फक्त लॅम्डातून बाहेर पडतो. म्हणजे शब्द एकच, अर्थ दोन. कोणता घ्यायचा हे त्या ओळीकडे पाहून कळत नाही.

आमच्या मते दोष दोन साधने ठेवण्यात नाही, कारण गरजाच दोन आहेत. दोष आहे तो सीमा पुसट ठेवण्यात. कॉटलिनने (पहिली आवृत्ती, २०१६) ती स्पष्ट आखली. तिथे साधा 'रिटर्न' नेहमी 'फन' या शब्दाने सुरू होणाऱ्या सर्वांत जवळच्या प्रोसिजरमधून बाहेर पडतो, मग ती निनावी का असेना. ब्लॉक साठवला जाण्याची शक्यता असेल तिथे त्यात असा 'रिटर्न' लिहूच दिला जात नाही. चूक कार्यक्रम चालवण्याआधीच कळते.

रूबी लिहायला अधिक मोकळी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण जो नियम फळ्यावर एका वाक्यात लिहिता येतो, तोच विद्यार्थ्याच्या हाती टिकतो.