एंडोथेलिन : रक्तवाहिनीतील शोध आणि मूत्रपिंडाचा पुरावा

एंडोथेलिनविषयीचे संशोधन-वाङ्मय आज इतके विस्तीर्ण झाले आहे की त्यातील मूळची एक विसंगती सहसा नजरेस येत नाही. ज्या पेप्टाइडाची ख्याती रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढविणारे द्रव्य म्हणून झाली, तेच मूत्रपिंडाच्या अंतर्भागात सोडियम बाहेर टाकण्यास साह्य करते आणि त्या वाटेने रक्तदाब उतरविते. ही दुसरी बाजू फार उशिरा कळली असे नाही. तिचे धागेदोरे शोधानंतर वर्षभरातच हाती आले होते. तथापि औषधयोजनेच्या विचारात तिला योग्य स्थान मिळण्यास वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि त्या विलंबाची किंमत रुग्णांना मोजावी लागली. हा विलंब का झाला, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा, मासाकी आणि त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९८८ मध्ये डुकराच्या महारोहिणीतील अंतःस्तर-पेशींच्या संवर्धन-द्रवातून हे २१ अ‍ॅमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केले. दोन डायसल्फाइड बंधांनी बांधलेली त्याची रचना, त्याच्या पूर्वगामी प्रथिनाचा जनुकीय क्रम आणि त्याचे शरीरक्रियात्मक परिणाम हे सर्व ‘नेचर’ नियतकालिकातील एकाच निबंधात मांडलेले आहे. एवढे काम एका निबंधात पूर्णत्वास जावे ही गोष्ट आजही आश्चर्यकारक वाटते. निबंधाच्या शीर्षकात या द्रव्यास प्रबळ रक्तवाहिनी-आकुंचक म्हटले आहे. ते विधान चुकीचे नव्हते, कारण डुकराच्या हृद्‌रोहिणीची पट्टी हेच मोजमापाचे साधन होते आणि ती पट्टी खरोखरच दीर्घकाळ आवळून राहत होती.

निबंधातील जे अनुमान पुढे टिकले नाही ते निराळे होते. या पेप्टाइडाच्या रचनेचे काही विषांशी आंशिक साम्य लेखकांना आढळले. ही विषे पेशीपटलातील आयन-मार्गांवर क्रिया करीत असल्यामुळे एंडोथेलिनही अशा मार्गांचे शरीरांतर्गत नियामक असावे, असे त्यांनी सुचविले. दोन वर्षांतच, म्हणजे १९९० मध्ये, एंडोथेलिनचे दोन स्वतंत्र ग्राही जनुकीय पद्धतीने ओळखले गेले आणि ती कल्पना मागे पडली. (विषांशी असलेले साम्य मात्र सर्वस्वी निरर्थक ठरले नाही. अ‍ॅट्रॅक्टॅस्पिस जातीच्या सापाच्या विषातील सॅराफोटॉक्सिन हे एंडोथेलिनचे अगदी निकटचे भावंड निघाले आणि ते याच ग्राहींवर क्रिया करते.) थोडक्यात, मूळ निबंधातील सावध विधान आणि धाडसी अनुमान यांपैकी अनुमान लवकर दुरुस्त झाले. विधानातील विशेषण मात्र चिकटून राहिले, आणि रक्तवाहिनीच्या पट्टीपुरते खरे असलेले ते वर्णन संपूर्ण शरीराला लागू असल्यासारखे वापरले जाऊ लागले.

वस्तुतः रक्तवाहिनीतही हे चित्र एकपदरी नाही. रक्तवाहिनीच्या अरेखित स्नायूपेशींवर मुख्यतः ‘ए’ ग्राही असतात. एंडोथेलिन त्यांना जोडले गेले म्हणजे पेशीतील कॅल्शियम वाढून स्नायू आकुंचन पावतो. अंतःस्तर-पेशींवर ‘बी’ ग्राही असतात. त्यांच्या उद्दीपनाने नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन मुक्त होतात आणि तोच स्नायू सैल पडतो. प्राण्याच्या शिरेतून एंडोथेलिन दिले असता रक्तदाब प्रथम काही क्षण उतरतो व मगच चढतो, याचे कारण हेच. १९८८ मध्येच लंडनमध्ये व्हेन यांच्या गटाने ही क्रिया-प्रतिक्रिया दाखविली होती. अंतःस्तर खरवडून काढलेल्या पट्टीवर प्रयोग करणाऱ्याला ही प्रतिक्रिया दिसणे शक्य नव्हते.

संहतीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. पट्टी आवळण्यास एंडोथेलिनची संहती नॅनोमोलरच्या आसपास लागते, तर निरोगी माणसाच्या रक्तात ती काही पिकोमोलर इतकीच असते. म्हणजे दोहोंत शेकडो पटींचे अंतर आहे. अंतःस्तर-पेशी आपले एंडोथेलिन बहुतांशी रक्ताकडे न सोडता आतल्या, स्नायूंकडील बाजूस सोडतात. त्यामुळे ते शेजारच्या पेशीसाठी असलेला संदेश आहे, दूरवर वाहून नेला जाणारा संप्रेरक नव्हे. अशा द्रव्याविषयी ‘शरीरात त्याचे कार्य काय’ असा सरसकट प्रश्न विचारणेच अप्रस्तुत ठरते. कोणत्या पेशीच्या शेजारी, कोणत्या ग्राहीसमोर आणि किती प्रमाणात, हे ठरल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

मूत्रपिंडाने ही अडचण स्पष्टपणे पुढे आणली. १९८९ मध्येच असे दिसून आले की एंडोथेलिनची सर्वाधिक संहती मूत्रपिंडाच्या मध्यकात, त्याच्या अगदी आतल्या भागात आहे. हा भाग पाणी व क्षार यांच्या अंतिम हिशेबाचा आहे, आणि तेथील संग्राहक नलिकांच्या पेशी एंडोथेलिन स्वतः निर्माण करतात व त्याचा प्रतिसादही स्वतः देतात. केवळ आकुंचक असलेल्या द्रव्याचा एवढा साठा तेथे का असावा, असा प्रश्न त्याच वेळी विचारला जाणे स्वाभाविक होते. पुढे १९९४ मध्ये, एंडोथेलिन-१ चे एक जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांचा रक्तदाब कमी न होता किंचित वाढलेला आढळला. या निष्कर्षाच्या कारणमीमांसेविषयी मतभेद झाले, कारण त्या उंदरांच्या श्वसननियमनातही बिघाड होता. त्यामुळे तो अपवाद म्हणून बाजूला ठेवणे सोयीचे ठरले.

ही सोय फार काळ टिकली नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात कोहान यांच्या गटाने २००४ मध्ये केवळ संग्राहक नलिकेतील एंडोथेलिन-१ नाहीसे केलेले उंदीर तयार केले. त्यांचा रक्तदाब वाढला, खाद्यात मीठ वाढविताच तो आणखी चढला, आणि सोडियमचे उत्सर्जन मंदावले. २००६ मध्ये त्याच नलिकेतील ‘बी’ ग्राही काढून टाकले असता रक्तदाब वाढला, परंतु एंडोथेलिन काढल्यावर वाढला होता तितका नव्हे. ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही ग्राही काढल्यावर, २००८ मध्ये, ‘बी’ एकटा काढल्यापेक्षा अधिक वाढ दिसली. या तीन प्रयोगांची मांडणी आदर्शवत म्हणावी अशी आहे. प्रश्न एका पेशीप्रकारापुरता बांधून घेतला, म्हणून उत्तरही निःसंदिग्ध मिळाले. नलिकेतील एंडोथेलिन नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने सोडियमचे पुनःशोषण रोखते, ही उपपत्ती यांतून दृढ झाली.

या पार्श्वभूमीवर ‘असेंड’ नावाच्या चाचणीकडे पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या १३९२ रुग्णांवर अ‍ॅव्होसेंटन या ‘ए’ ग्राही-रोधकाचा प्रयोग करण्यात आला. उद्देश निराधार नव्हता. केशिकागुच्छातील पेशींवर एंडोथेलिनचे ‘ए’ ग्राहीमार्गे होणारे परिणाम, विशेषतः गाळणीची पेशीरचना ढिली होणे, प्रयोगशाळेत चांगले सिद्ध झालेले होते. अपेक्षेप्रमाणे मूत्रातून जाणारे अल्ब्युमीन औषधाच्या दोन मात्रांनी सुमारे ४४ व ४९ टक्के घटले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ही घट १० टक्क्यांच्या आसपास होती. तथापि शरीरात पाणी साचून हृदय अपुरे पडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत वाढले. मृत्यूंची संख्याही त्यांच्यात अधिक होती, जरी तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक नव्हता. सरासरी चारेक महिन्यांच्या निरीक्षणानंतर चाचणी थांबवावी लागली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

या अपयशाचे जे स्पष्टीकरण लगेच पुढे आले ते असे : वापरलेली मात्रा जास्त होती, औषध पुरेसे निवडक नव्हते, आणि त्यामुळे ‘ए’ बरोबर उपकारक ‘बी’ ग्राहीही रोखला गेला. मात्रेविषयीचा भाग ग्राह्य आहे. उरलेल्या भागात मात्र जुन्याच सवयीची पुनरावृत्ती आढळते. पूर्वी संपूर्ण पेप्टाइडाला घातक ठरविले जात होते; आता ‘ए’ घातक आणि ‘बी’ हितकर अशी वाटणी करण्यात आली, एवढाच फरक झाला. २००८ च्या प्रयोगाने नलिकेत ‘ए’ ग्राहीचाही हितकर वाटा असल्याचे सुचविले होते. २०१३ मध्ये कोहान यांच्याच गटाने उंदरांतील हृदय, रक्तवाहिन्यांचे स्नायू व मूत्रनलिका यांतील ‘ए’ ग्राही एकेक करून काढून पाहिले. त्यात रोधकामुळे पाणी साचण्याचे मूळ नलिकेतील ‘ए’ ग्राहीतच असल्याचे दिसले. म्हणजे औषध कितीही निवडक केले तरी केशिकागुच्छातील लाभ आणि नलिकेतील हानी ही दोन्ही एकाच ग्राहीमार्गे होणार. रेणूची शुद्धता वाढवून ही अडचण सुटत नाही. ती मात्रेने व रुग्णाच्या निवडीने आटोक्यात ठेवावी लागते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोनार’ चाचणीने नेमका हाच मार्ग धरला, आणि म्हणून ती विचाराने अधिक प्रौढ ठरते. अ‍ॅट्रासेंटनची अल्प मात्रा, दररोज ०.७५ मिलिग्रॅम, प्रथम सहा आठवडे सर्वांना देण्यात आली. ज्यांच्यात पाणी लक्षणीय प्रमाणात साचले त्यांना वगळण्यात आले, आणि ज्यांचे अल्ब्युमीन किमान ३० टक्के घटले अशा २६४८ रुग्णांवर मुख्य तुलना झाली. मूत्रपिंड गंभीररीत्या ढासळण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.९ टक्के आढळले. सापेक्ष जोखीम ३५ टक्क्यांनी घटली असे जे सांगितले जाते, ते या आकड्यांसह वाचले पाहिजे. शिवाय अपेक्षेहून कमी घटना घडल्यामुळे चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली होती. हृदय अपुरे पडून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३.५ विरुद्ध २.६ टक्के होते. फरक निर्णायक नसला तरी त्याची दिशा पूर्वीचीच आहे. पाणी साचल्याचा अंदाज घेण्यासाठी वजनाबरोबर ज्या द्रव्याचे मापन झाले तेही हृदयातून स्रवणारे, मूत्रपिंड व रक्तवाहिनी या दोहोंवर क्रिया करणारे नॅट्रियुरेटिक पेप्टाइडच होते, ही जाता जाता नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

या रोधकांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. फुप्फुसातील रक्तदाबवाढीसाठी बोसेंटन २००१ पासून अमेरिकेत मान्य आहे, आणि तेथे रक्तवाहिनीचे आकुंचन हाच खरा व्याधी-घटक असल्यामुळे मूळ विशेषण अर्थपूर्ण ठरते. आयजीए प्रकारच्या मूत्रपिंडविकारासाठी स्पार्सेंटन २०२३ मध्ये आणि अ‍ॅट्रासेंटन २०२५ मध्ये तेथे मान्यता पावले. मात्र या दोन्ही मान्यता आरंभी मूत्रातील प्रथिनांच्या घटीवर आधारलेल्या होत्या, आणि ‘असेंड’ चाचणीत दिशाभूल झाली ती याच मापाने. ते माप केशिकागुच्छाविषयी बोलते. संग्राहक नलिकेत काय घडत आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रुग्णाचे वजन, घोट्यावरील सूज आणि त्याच्या आहारातील मीठ यांचीच नोंद पाहावी लागते.