ट्रायकोडर्माची परभक्षिता आणि आपली परीक्षणपद्धती : एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

चांदवड तालुक्यात कांद्याचे उळे टाकण्यापूर्वी गादीवाफ्यावर जे संस्कार केले जातात, त्यांत ट्रायकोडर्मा ही बुरशी शेणखतात कालवून मातीत मिसळणे हा एक संस्कार आता रूढ झाला आहे. द्राक्षाचे आणि डाळिंबाचे बागाईतदार तीच बुरशी पाण्यातून मुळांशी सोडतात. कित्येक जण ती आधी गुळाच्या पाण्यात वाढवून घेतात. रोपे कोलमडविणाऱ्या किंवा मुळे कुजविणाऱ्या बुरशींना ही दुसरी बुरशी खाऊन टाकते, अशी या सर्व व्यवहारामागील समजूत आहे.

ही समजूत खोटी आहे असे नव्हे. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणाची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा आपणां अभ्यासकांवर अधिक येते. ‘ट्रायकोडर्मा इतर बुरशींना खाते’ हे विधान आपण ‘मीठ पाण्यात विरघळते’ या विधानासारखे, म्हणजे पदार्थाचा कायमचा गुणधर्म सांगावा तसे, करीत आलो आहो. गेल्या तीन दशकांतील संशोधन मात्र निराळेच सांगते. परभक्षिता हा या बुरशीचा नित्यधर्म नसून तो परिस्थितिसापेक्ष व्यापार आहे. आणि परिस्थिती म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी : भक्ष्याची चाहूल आणि पोषणद्रव्यांची उपलब्धता. असे असेल, तर ज्या पद्धतीने आपण वाणांची पारख करतो ती पद्धती नेमके काय मोजते, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

२. रूढ पद्धती

ही पद्धती आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. पेट्री बशीत बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर हे माध्यम ओतावयाचे, एका कडेस रोगकारक बुरशी व दुसऱ्या कडेस ट्रायकोडर्मा ठेवावयाची, काही दिवसांनी रोगकारकाची त्रिज्या मोजावयाची आणि एकट्याने वाढलेल्या रोगकारकाशी तिची तुलना करून ‘शेकडा अवरोध’ काढावयाचा. आपले बहुतेक प्रबंध या जोडसंवर्धनासाठी मॉर्टन व स्ट्राउब यांच्या १९५५ च्या लेखाचा आणि सूत्रासाठी व्हिन्सेंट यांच्या १९४७ च्या टिपणाचा आधार देतात. १९८२ साली बेल, वेल्स व मार्कहॅम यांनी सुचविलेली पाच श्रेणींची मोजपट्टीही काही जण वापरतात. ज्या वाणाचा शेकडा अवरोध सर्वांत अधिक, तो ‘उत्तम वाण’ म्हणून पुढील प्रयोगांसाठी निवडला जातो.

आता या माध्यमाचा घटकनिर्देश पाहावा. लिटरमागे २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क आणि २० ग्रॅम डेक्स्ट्रोज. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. शेकडा दोन या प्रमाणात तयार ग्लुकोज समोर असलेल्या भोजनशाळेत आपण शिकाऱ्याला सोडतो आणि तो शिकार कशी करतो हे पाहू म्हणतो. चांदवडच्या गादीवाफ्यातील मातीत अशी शर्करा कधीच नसते.

३. भुकेचे संकेत

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालते व त्यांचा नाश करते, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली ऱ्हायझोक्टोनियाच्या संदर्भात दाखविले. दोनच वर्षांनी याच व्यापारात एका विषारी द्रव्याचाही भाग असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. भक्ष्याची पेशीभित्ती मुख्यत्वे कायटिन व ग्लुकान यांची असल्याने ती विरघळविणारी एंझाइमे, विशेषतः कायटिनेज, ही शिकाऱ्याची प्रमुख आयुधे होत. ही आयुधे केव्हा बाहेर काढावयाची, हे ठरते कसे?

या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर १९९६ साली लोरितो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. ग्लुकोज विपुल असता ‘क्रे-१’ नावाचे दमनकारी प्रथिन कायटिनेजच्या एका जनुकाच्या नियामक भागावर जाऊन बसते व जनुकाचे काम थोपवून धरते; भक्ष्याशी गाठ पडल्यावर ही पकड सैल होते. दमनाची ही यंत्रणा केवळ शिकारीपुरती नाही. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर लष्कराचे कापडी सामान कुजविणारी जी ट्रायकोडर्मा सापडली, तिच्यापासून सेल्युलेज एंझाइमाचा उद्योग उभा राहिला. त्यातील ‘रूट-सी ३०’ या प्रसिद्ध वाणात हेच क्रे-१ जनुक खंडित झालेले असल्याचे १९९६ सालीच आढळले. म्हणजे उद्योगाने नकळत ज्याचा लगाम तुटलेला आहे असा वाण निवडला. शेतीसाठी वाण निवडताना लगाम कोठे आहे हा प्रश्नही आपण सहसा विचारीत नाही.

नत्राच्या बाबतीतही असेच दिसते. डोन्झेली व हार्मन यांनी २००१ साली दाखविले की या एंझाइमांची निर्मिती अमोनियम, ग्लुकोज व कायटिन या तिहींच्या एकत्रित परिणामावर अवलंबून असते. परभक्षणाशी संबंधित अशा एका प्रथिनविघटक एंझाइमाच्या जनुकावर ओल्मेदो-मॉनफिल व सहकाऱ्यांनी २००२ साली काम केले. सुलभ नत्र उपलब्ध असेतोवर भक्ष्याच्या पेशीभित्तीचे संकेत देऊनही ते जनुक जागे होत नाही. नत्राचे दमन उठल्यावरच ते त्या संकेताला प्रतिसाद देते. झाइडल व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात तर स्पर्श होण्यापूर्वीच, केवळ भक्ष्य जवळ आल्याने, ट्रायकोडर्माच्या पेशींत नत्राच्या टंचाईला दिल्या जाणाऱ्या प्रतिसादाशी संबंधित जनुके सक्रिय झालेली दिसली. भक्ष्याची चाहूल आणि भुकेची जाणीव या दोन गोष्टी पेशीच्या आत एकमेकींत मिसळलेल्या आहेत, असेच यावरून म्हणावे लागते.

बाहेरचा संकेत आत पोहोचविणारी साखळीही बऱ्याच अंशी उलगडली आहे. नायलॉनच्या निर्जीव धाग्याभोवतीसुद्धा ट्रायकोडर्मा वेढे घालते, आणि जी-प्रथिनांना चेतविणारी द्रव्ये किंवा चक्रीय एएमपी दिल्यास हे वेढे वाढतात, असे ओमेरो व सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले. ‘जीपीआर-१’ हा पेशीपटलावरील ग्राही दडपला असता बुरशी भक्ष्याला चिकटत नाही, हे २०१२ साली ओमान व सहकाऱ्यांनी नोंदविले. जी-प्रथिने व चक्रीय एएमपी ही साखळी यीस्टसारख्या बुरशींत शर्करेची खबर आत नेण्यासाठीही वापरली जाते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण आहे.

४. महाराष्ट्रातील कार्य व त्याचे वाचन

या विषयावरील एक मौलिक कार्य आपल्याच राज्यात, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. माला मुखर्जी, प्रसून मुखर्जी व शरद काळे यांनी २००७ साली ट्रायकोडर्मा व्हिरेन्स या जातीतील चक्रीय एएमपी तयार करणाऱ्या एंझाइमाचे जनुक नष्ट करून पाहिले. असे उत्परिवर्तित वाण रोगकारक बुरशींवर पसरू शकले नाहीत आणि त्यांची दुय्यम चयापचयद्रव्येही घटली. लेखाच्या शीर्षकातच वाढ, बीजुकांचे अंकुरण, परभक्षण व चयापचय ही चारही कार्ये एकत्र नोंदविली आहेत, आणि यातच लेखकांचा सावधपणा दिसून येतो.

परंतु त्यांचे वाचक तितके सावध राहिलेले नाहीत. ‘चक्रीय एएमपी नसल्यास परभक्षण होत नाही’ एवढेच वाक्य उचलून ते प्रबंधांच्या प्रास्ताविकांत उद्धृत केले जाते. अगरवर मूळ वाणाच्या मानाने ज्याची वाढच अत्यल्प आहे, तो वाण शत्रूच्या वसाहतीवर पसरला नाही यात नवल नाही. चालण्याची शक्ती गेलेल्याने शिकार केली नाही, म्हणून त्याची शिकारीची वृत्ती गेली असे अनुमान काढता येत नाही. वाढ आणि परभक्षण यांना विलग करणारी कसोटी लावल्याशिवाय हा निष्कर्ष पुरा होत नाही. आणि जोडसंवर्धनाची बशी ही तशी कसोटी नव्हे, कारण तिच्यात त्रिज्या हेच एकमेव माप आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २००३ साली याच जातीतील एकाच मॅप-कायनेज जनुकावर दोन स्वतंत्र गटांनी काम केले. मेक्सिकोतील एर्रेरा-एस्त्रेया यांच्या गटाला जनुक नष्ट केल्यावर विघटक एंझाइमे वाढलेली व ऱ्हायझोक्टोनियाविरुद्धचे नियंत्रण सुधारलेले आढळले. मुखर्जी, हॉरविट्झ व सहकाऱ्यांना स्क्लेरोशियम रोल्फसायविरुद्धची क्षमता घटलेली आढळली. यांपैकी कोणता गट चुकला, हा प्रश्न गैरलागू आहे. वाण निराळे, भक्ष्य निराळे, कसोटी निराळी. मग उत्तर निराळे येणारच. ‘उत्तम वाण’ ही संज्ञा कोणत्या भक्ष्याविरुद्ध व कोणत्या अन्नस्थितीत हे सांगितल्यावाचून निरर्थक ठरते, हा यातील धडा होय.

आटनासोवा व सहकाऱ्यांचा २०१३ चा तौलनिक अभ्यास हेच सांगतो. एकाच ऱ्हायझोक्टोनियासमोर तीन जाती तीन प्रकारे वागल्या : एकीने स्पर्शापूर्वीच आक्रमणाची जनुके जागविली, दुसरीने विषद्रव्याच्या निर्मितीवर भर दिला, तर तिसरीने मुख्यतः अन्नाच्या स्पर्धेचा मार्ग धरला. भारतात ‘व्हिरिडी’ या नावाने वापरले जाणारे कित्येक वाण रेणवीय तपासणीत दुसऱ्याच जातींचे ठरले आहेत, हे लक्षात घेता नामनिश्चितीची हयगयही परवडणारी नाही.

५. आक्षेप आणि त्यांचा विचार

येथे तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, भक्ष्याच्या सान्निध्याने जर दमन उठत असेल, तर माध्यमातील ग्लुकोज बाधक कसे? उत्तर असे की, दमन उठणे ही कळ दाबल्यासारखी क्रिया नाही. भक्ष्याचा संकेत एका पारड्यात व तृप्तीचा दुसऱ्या पारड्यात, असा तो तोल आहे. बशीतही शर्करा संपत आल्यावर वेढे दिसतात. परंतु आपली त्रिज्येची मोजणी बहुधा त्याआधीच आटोपलेली असते. त्या वेळेपर्यंत आपण मोजतो ती जागा बळकावण्याची चढाओढ.

दुसरा आक्षेप असा की, स्पर्धा हीही उपयुक्तच आहे. शिवाय ट्रायकोडर्मा वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागविते. हे पूर्णतः मान्य आहे. आक्षेप स्पर्धेला नाही; स्पर्धा मोजून तिला परभक्षण हे नाव देण्याला आहे. पिथियमचे उदाहरण घ्यावे. रोपे कोलमडविणाऱ्या या जीवाची पेशीभित्ती कायटिनप्रधान नसून सेल्युलोज व ग्लुकान यांची असते, आणि तो खऱ्या बुरशींत मोडतही नाही. त्याच्याविरुद्ध कायटिनेज फारसे उपयोगी नाही. तरीही आपल्या तक्त्यांत पिथियम आणि स्क्लेरोशियम एकाच स्तंभाखाली येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : हे सारे प्रयोगशाळेतील ज्ञान, शेतात त्याचा पुरावा काय? येथे ओहायो येथील हॅरी हॉइटिंक यांच्या गटाने १९८० च्या दशकात केलेले कार्य स्मरणीय आहे. झाडांच्या सालीच्या ताज्या, सेल्युलोजने भरलेल्या खतात ट्रायकोडर्मा असूनही ऱ्हायझोक्टोनिया टिकून राहिला. तेच खत पुरते कुजल्यावर मात्र त्याचे दमन झाले. कुजलेल्या खतात सेल्युलोज मिसळले असता रोगकारकाला पुन्हा वाव मिळाला. रेणवीय यंत्रणा माहीत होण्यापूर्वीचे हे निरीक्षण पुढील शोधांशी तंतोतंत जुळते. शेणखत ‘चांगले कुजलेले’च घालावे, हा आपल्याकडील जुन्या कुणब्यांचा आग्रह या प्रकाशात नव्याने तपासण्याजोगा आहे.

गुळाबद्दल मात्र घाईने निर्णय देऊ नये. गुळाच्या पाण्यात बीजुके व तंतू वाढतात, हे खरे. मातीत गेल्यावर ती शर्करा इतर सूक्ष्मजीव लवकर फस्त करीत असतील, हेही संभवते. म्हणून ‘गूळ घातक’ असे म्हणण्यास आज आधार नाही. परंतु ‘गुळाने ट्रायकोडर्मा बळकट होते’ असे म्हणण्यासही नाही. संख्या वाढणे आणि शिकार वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रीच्या उत्पादनासाठी दर ग्रॅममागे किमान वीस लक्ष जिवंत बीजघटकांची अट आहे. ती आवश्यकच आहे, पण ते घटक मातीत गेल्यावर काय करतील हे त्या आकड्यावरून कळत नाही. वाफ्यावर युरिया टाकण्याच्या वेळेबाबतही हाच प्रश्न विचारावयास हवा.

६. काय करावे

यावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. वाणांची तुलना एकाच माध्यमावर न करता निदान तीन माध्यमांवर करावी : नेहमीचे समृद्ध माध्यम, अल्प शर्करेचे व अल्प नत्राचे माध्यम आणि केवळ पाणी व अगर. समृद्ध माध्यमावर पहिला आलेला वाण उपाशी माध्यमावर कितवा येतो, हा अनुक्रम प्रबंधात नोंदवावा. त्रिज्येबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली वेढ्यांची आणि मेलेल्या तंतूंची नोंद घ्यावी. स्क्लेरोशियमचे मोहरीएवढे जालाश्म नायलॉनच्या जाळीत बांधून चांदवडच्याच मातीत, ताज्या व कुजलेल्या शेणखतासह, गुळासह व गुळावाचून पुरावे आणि ठराविक मुदतीनंतर त्यांतील किती अंकुरतात ते मोजावे. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कोणत्याही पदव्युत्तर विभागाला एका हंगामात हे करता येईल.

शेकडा अवरोधाचा तक्ता करणे सोपे असते, आणि प्रबंध वेळेत पुरा करावयाचा असतो, ही अडचण खरी आहे. परंतु आपण ज्याला ‘उत्तम’ म्हणून शिक्का मारतो तो वाण पिशवीत भरून कोणाच्या तरी वाफ्यावर जातो. तेथे रोपे कोलमडली, तर चूक वाणाची, मातीची की आपल्या बशीची, हे त्या शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो; त्याचा मात्र लावणीचा हंगाम हुकतो. तेवढ्यासाठी तरी आपली कसोटी आपणच तपासून घेणे अगत्याचे आहे.