अंगणातील गोठा : कसोटी कोणती?

नाताळ जवळ आला की वसईतील ख्रिस्ती घरांच्या अंगणांत बांबू, भाताचा पेंढा, माती आणि विजेच्या माळा येऊन पडतात. आजोबांनी आरंभिलेला गोठा नातवंडे वाढवीत नेतात. प्रतिवर्षी एखादी टेकडी, एखादा झरा अधिक. या कौटुंबिक निर्मितीचे आपण कौतुक करतो, परंतु कलाकृती म्हणून तिची चिकित्सा क्वचितच करतो. ती येथे करावी, असा आमचा मानस आहे.

१२२३ च्या नाताळच्या रात्री इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, बैल व गाढव एवढेच मांडले आणि त्या गव्हाणीवर ख्रिस्तयाग साजरा झाला. मूर्ती नव्हत्या. तरी उपस्थितांपैकी एकाला गव्हाणीत निजलेले बालक दिसले, असे चरित्रकार चेलानोचे थॉमस सांगतात. पाहणाऱ्याच्या श्रद्धेसाठी मोकळी सोडलेली जागा, हे त्या पहिल्या मांडणीचे मर्म होय.

म्हणून भव्यता त्याज्य ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. अठराव्या शतकातील नेपल्सच्या गोठ्यांत कोळी, फळविक्रेते, खानावळवाले अशी अवघी बाजारपेठ लोटलेली असते. बेथलेहेम आपल्याच गल्लीत आले आहे, हा त्यामागील भाव. त्याच न्यायाने आपल्या गोठ्यात रहाट, केळीची बाग, किनाऱ्यावरील होडी शोभते. मात्र कापसाचे बर्फ आमच्या मनास पटत नाही. ते संत लूकच्या शुभवर्तमानात नाही आणि आपल्या वाडीतही नाही. ते केवळ शुभेच्छापत्रांवरून उतरले आहे. बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत, हे खरे. परंतु ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून अर्थ घेऊन आले आहेत. धन्याची गव्हाण जनावर ओळखते, माणूस ओळखत नाही, हा तो अर्थ.

येथे आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. एका वर्षी गोठा स्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे होते. गुणपत्रिकेत रोषणाई, हलते देखावे, स्वच्छता असे रकाने होते. एका अंगणात तीन पिढ्यांनी मिळून मांडलेला साधा गोठा होता. नाचणी पेरून उगवलेले हिरवे शेत आणि पेंढ्याचे छप्पर. आम्ही दिवे मोजून निघालो, तेव्हा घरातील आजी म्हणाल्या, “फादर, बाळाला पाहिलंत का?” आम्ही पाहिले नव्हते. पहिले पारितोषिक आम्ही कापसाच्या बर्फाला दिले.

त्या प्रश्नातच खरी कसोटी होती. गोठा लहान असो वा मोठा, त्यातील प्रत्येक वाट अखेर गव्हाणीपाशी पोहोचते काय? झरा, टेकडी, दिवे नजरेला तेथवर नेतात, की वाटेतच अडवून ठेवतात? १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथेच स्वाक्षरी केलेल्या प्रेषितीय पत्रात घराघरांतील ही प्रथा जपण्याचे आवाहन केले. आज वसईत अंगणेच आक्रसत चालली आहेत. उद्या अनेक गोठे इमारतींच्या जिन्याखाली मांडले जातील. तेवढ्या जागेत टेकडी मावणार नाही, झराही मावणार नाही. गव्हाण मात्र निश्चित मावेल. ती आधी मांडावी आणि मग उरलेल्या जागेचा विचार करावा, एवढेच आमचे मागणे आहे.