लिटलएफएसचं डिझाइन वाचताना: रॅमची हमी आहे, वेळेचं काय?

रिअल-टाइम ओएसला फाइल सिस्टीम जोडायचा विषय पीएचडीला घेताय? मग लिटलएफएसच्या सोर्स कोडसोबत असलेली 'डिझाइन' ही फाइल आधी वाचून काढा. क्रिस्टोफर हॅस्टर यांची ही फाइल सिस्टीम 2017 मध्ये आर्मच्या एम्बेड प्रकल्पातून आली. लिखाण फार चांगलं आहे. तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती तुमच्या प्रबंधाच्या कामाची आहे.

लेखक थेट स्वतःची रचना मांडत नाही. फॅट, लॉग, जर्नल, कॉपी-ऑन-राइट हे आधीचे मार्ग एकेक घेऊन प्रत्येक कुठे लंगडा पडतो ते दाखवतो. फॅटमध्ये लिहिता लिहिता वीज गेली की टेबल एक सांगतं आणि डिरेक्टरी दुसरंच. (गारखेड्यात खोली करून राहणाऱ्याला 'वीज गेली तर' हा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही!) लिटलएफएस डिरेक्टरीच्या नोंदी दोन ब्लॉकांच्या जोडीत ठेवते, नवी नोंद अर्धवट राहिली तरी जुनी शाबूत असते.

दुसरं बळ म्हणजे फायली कितीही वाढल्या तरी रॅम तेवढीच लागते. ही किरकोळ गोष्ट नाही. जानेवारी 2004 मध्ये मंगळावर स्पिरिट रोव्हर अडकलं ते इथेच. व्हीएक्सवर्क्सवरची त्याची डॉस-पद्धतीची फाइल सिस्टीम डिरेक्टरीची माहिती रॅममध्ये धरायची. फायली साठल्या, रॅम पुरेना, आणि यान पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिलं.

आता तक्रार. रॅमला हमी आहे, वेळेला नाही. मोकळे ब्लॉक शोधायला लिटलएफएस छोटा लुकअहेड बफर वापरते. तो संपला की कोणते ब्लॉक वापरात आहेत हे कळायला अख्खी फाइल सिस्टीम पालथी घालावी लागते. म्हणजे तोच राइट कॉल शंभरदा झटकन होतो आणि एकदा मध्येच रेंगाळतो. हे काम आधीच उरकून ठेवणारं फंक्शन पुढे आलं, पण ते कधी बोलवायचं हे तुमच्यावर.

त्यात फ्लॅश चिपची भर. डब्ल्यू25क्यू64 ची डेटाशीट उघडा: 4 केबीचा सेक्टर पुसायला साधारण 45 मिलिसेकंद, जास्तीत जास्त 400. बहुतेक विद्यार्थी पहिला आकडा उचलतात. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण त्यानं मधल्या प्रायॉरिटीचं टास्क आड येत नाही एवढंच; चिप काही घाई करत नाही.

म्हणून 'सरासरी इतके केबी प्रति सेकंद' या तक्त्यावर थांबू नका. फाइल सिस्टीम जवळजवळ भरा, मग सगळ्यात लांबलेला एकच राइट मोजा. कंट्रोल टास्कमधून थेट लिहू नका. नमुने क्यूमध्ये टाका, लिहायचं काम खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कला द्या. आणि क्यूचा आकार ठरवताना गणित करा. दर मिलिसेकंदाला एक नमुना येत असेल, तर 45 धरून केलेली 64 जागांची क्यू टेबलावरच्या सगळ्या चाचण्या पास होईल. 400 लागले त्या दिवशी एकाच सेक्टरपायी 336 नमुने जातील, आणि त्यात ब्लॉकशोधाचा वेळ अजून धरलेलाच नाही.