सदाशिवचं कच्चं गाणं

‘कट्यार काळजात घुसली’च्या प्रयोगाला मध्यंतर झालं की वड्याच्या रांगेत एक जुना खटला पुन्हा उभा राहतो. खाँसाहेब कुणाचा सरस, वसंतराव देशपांड्यांचा की त्यांच्या नातवाचा, राहुलचा? आजोबांचा खाँसाहेब प्रत्यक्ष पाहिलेले आता सत्तरीपुढे गेलेत आणि त्यांचा निकाल कधीच लागलेला आहे. नातवाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या मोबाइलवर दोघांच्याही ताना तयार असतात. तेवढ्यात कुणीतरी २०१५च्या चित्रपटाचं नाव काढतो आणि तिसरी घंटा होईपर्यंत कुणी हटत नाही. या वादाची मलाही गोडी आहे. खटकतं ते इतकंच की एवढ्या वेळात नाटकाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नसतो.

ही खोड जुनी आहे. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन कंपन्यांचे भक्त त्या रात्री एकाच छताखाली बसले. केशवराव पुढे तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला गेले. त्यामुळे कोण सरस हा प्रश्न कायमचा लोंबकळत राहिला आणि शंभर वर्षं पुरला. त्या रात्रीच्या आठवणी वाचाव्यात तर केशवरावांची तडफ आणि गंधर्वांचा गोडवा यांचा हिशेब पानोपानी. पैशाच्या तोऱ्यावर शौर्याने मात करण्याचं जे नाटक खाडिलकरांनी १९११मध्ये रंगभूमीवर आणलं, ते स्वराज्याच्या फंडासाठी करताना कसं वठलं, हे मात्र शोधत बसावं लागतं.

याला रसिकांचा दोष म्हणून मोकळं होता येणार नाही. मागे काय उरलं, यावर तुलना कशाची होणार हे ठरतं. गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका उरल्या. त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, स्टुडिओतल्या. वन्समोअर घेत रात्री दोनपर्यंत लांबलेलं पद त्यात मावणार कुठून? तरी पुढच्या प्रत्येक भामिनीला त्याच तबकडीशी ताडून पाहिलं गेलं. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी टेपवर नाटकं साठवण्याचं मोठं काम केलं, त्याचे उपकार आहेतच. पण टेपवर उरतो तो पुन्हा आवाजच. एखाद्या पदाआधी नट किती पावलं चालला, कुणाकडे पाठ करून उभा राहिला, समोरचा नट ते पद ऐकत होता की आपली पाळी येईपर्यंत ताटकळत होता, हे सगळं पडद्याबरोबर गेलं.

‘कट्यार’पुरतं तरी हे नुकसान मोजून दाखवता येईल. १९६७मध्ये नाट्यसंपदेने ते आणलं. लेखन आणि दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकींनी नुसत्या चाली बांधल्या नाहीत, दोन घराणी उभी केली. पंडित भानुशंकरांची गायकी एक, खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाल्यांची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे सदाशिव. तो आलेला पंडितजींकडे शिकायला. कानावर पडते ती खाँसाहेबांची तालीम, तीही चोरून. म्हणजे या नाटकाचं खरं कथानक एका मुलाच्या गळ्यात घडतं. पहिल्या अंकात तो जे गातो त्यात नुसती ओढ हवी, तयारी नको. मग हळूहळू त्याच्या तानेत परक्या घराण्याचा पेच शिरला पाहिजे. इतका बेमालूम की खाँसाहेब तो ऐकून आधी चपापतील आणि मग संतापतील.

आता मला सांगा, सदाशिव झालेल्या गायकाला पहिल्या अंकात कच्चं गाण्याची मुभा आपण देतो का? २०१०मध्ये सुबोध भावेने नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा सदाशिव महेश काळे होता, खुद्द अभिषेकींचा शिष्य, गळा आधीच पक्का. अशा गायकाला पहिल्याच पदाला टाळ्या पडतात, आणि त्या पडल्या की पुढचा प्रवास संपलाच! शिकायला आलेला मुलगा शिकूनच आलेला असतो. यात गायकाला बोल लावण्यात अर्थ नाही, टाळी आपली आहे. चित्रपटाने आणखी एक केलं. शंकर महादेवनच्या भानुशंकरांना त्याने इतकी जागा दिली की दोन उस्तादांची जुगलबंदी मधोमध आली आणि सदाशिव कडेला सरकला. पडद्यावर ते देखणं दिसतं, आणि चाहतेही खूश असतात, कारण त्यांना हवा असलेला सामना आयता मिळतो.

‘मानापमान’मध्येही असाच एक सांधा आहे. श्रीमंतीत वाढलेली भामिनी गरीब वनमाला होऊन धैर्यधरापुढे येते. मग वनमालेने भामिनीसारखंच नटवं गावं का? गोविंदराव टेंब्यांनी बैठकीतल्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली या नाटकात आणल्या, तेव्हा गळ्याचा बाज बदलायला वाव भरपूर आहे. पण एखादीने वनमालेचं पद मुद्दाम साधं, कमी हरकती घेऊन म्हटलं, तर ‘आज आवाज लागला नाही’ असा शेरा ठरलेला. बळवंत संगीत मंडळीत दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधर केला तेव्हा पदांना निराळ्या चाली लागल्या आणि निष्ठावंत खवळले. मला तो राग आताच्या कौतुकापेक्षा सुदृढ वाटतो. चाल बदलली म्हणजे माणूस बदलतो, एवढं तरी त्या चिडलेल्या मंडळींना कळत होतं.

आजच्या पुनरुज्जीवनांत कात्री कशावर चालते हेही याच हिशेबाने ठरतं. रात्रभर चालणारं नाटक तीन तासांत बसवायचं, तर काहीतरी जाणारच. गाजलेलं पद कापायची कुणाची छाती होत नाही, म्हणून संवाद जातात. ‘सौभद्र’चं त्यामुळे फार वाईट होतं. १८८२चं ते किर्लोस्करांचं नाटक म्हणजे कृष्णाचा एक लांबलचक कावा आहे. दादाला, म्हणजे बलरामाला, दुखवायचं नाही आणि सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीही नाही. हा कावा उलगडतो तो गद्यात, नारद-बलराम-रुक्मिणी यांच्याशी होणाऱ्या बोलण्यात. ते बोलणं छाटलं की कृष्ण नुसता गोड गळ्याचा देव उरतो, आणि सुभद्रा उगाच रडते असं वाटतं. रंगावृत्ती कुणी केली हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं आणि परीक्षणात बहुधा नसतंच. राज्य संगीत नाट्य स्पर्धेला रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या संस्था येतात, तिथे गद्य अजून थोडंफार शाबूत दिसतं. गोव्यात देवळाच्या जत्रेला नाटक बसवणारी हौशी मंडळी तर संवादांना पदांइतकंच मानतात. तिथल्या प्रेक्षकाची तुलना मला शहरी रसिकापेक्षा भरीव वाटते, कारण ‘यंदाचा बलराम कमी पडला’ हे वाक्य तिथेच कानी येतं.

याच भाषेत ‘घाशीराम कोतवाल’ही आहे, १९७२चं. त्यात गाणं ठासून भरलंय, भास्कर चंदावरकरांचं संगीत आहे, पण त्याचे चाहते भांडतात ते रंगमंचावर ओळीने उभ्या ब्राह्मणांच्या त्या माणसांच्या भिंतीवरून : जब्बार पटेलांच्या प्रयोगात ती कशी डुलायची, कशी मिटायची, कृष्णदेव मुळगुंदांची आखणी नंतरच्यांनी किती पाळली. मोहन आगाशेंच्या नाना फडणवीसाची चालही लोक करून दाखवतात. म्हणजे मराठी प्रेक्षकाला डोळ्यांनी तुलना करता येत नाही असं मुळीच नाही. नाटकावर ‘संगीत’ हा शब्द छापला की तो डोळे मिटून घेतो, एवढंच.

२०१७मध्ये प्राजक्त देशमुखचं ‘संगीत देवबाभळी’ आलं, तेव्हा बऱ्याच वर्षांनी ‘संगीत’ लावलेल्या नाटकाचं रंगमंचावरचं चित्रही चर्चेत आलं. पायात काटा रुतलेली तुकारामांची बायको आवली आणि तिच्या मदतीला आलेली लखुबाई, दोघीच. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी कामं करता करता गात होत्या, आणि आनंद ओकांच्या संगीतात ताना घ्यायला मोकळी जागा जवळजवळ नव्हती. या नाटकाला तुलनेला आधीचं काही नव्हतं, हे त्याचं भाग्यच. उद्या दुसऱ्या कुणी दोघी ते करतील. तेव्हा वड्याच्या रांगेत आवलीच्या पायातल्या काट्याबद्दल कुणी बोलेल, की ‘पहिलीचा आवाज जास्त लागायचा’ इथूनच सुरुवात होईल? माझी पैज दुसऱ्यावर आहे, आणि ती हरायला मला आवडेल.